कॅक, फायरफॉक्स आणि डॉट-मिल : सेटअपच्या नोंदी

३ मार्च २०२५, सोमवार

काम ठरलं. अमेरिकी संरक्षण खात्याच्या (डीओडी) कंत्राटावर असलेल्या आमच्या टीमला आपापल्या लॅपटॉपवरून कॅक हे खात्याचं चिपवालं ओळखपत्र लावून डॉट-मिल साइट्स, म्हणजे खात्याच्या .mil ने संपणाऱ्या साइट्स, उघडता आल्या पाहिजेत. यंत्रं बहुतेक उबुंटू २४.०४ वर, काही विंडोज ११, थोडे मॅक. साइट्स नेहमीच्याच: बिलांसाठी पीआयईई, प्रशिक्षणासाठी जॉइंट नॉलेज ऑनलाइन, मोठ्या फायली पाठवायला डीओडी सेफ. सगळ्या साध्या इंटरनेटवरून पोचता येणाऱ्या. सिपरनेट हे गोपनीय कामाचं वेगळंच जाळं, त्याचं टोकनही वेगळं, आणि ब्राउझरच्या कुठल्याही सेटिंगने तिथे जाता येत नाही. कोणी विचारलंच तर उत्तर एवढंच.

कॅक म्हणजे कॉमन ॲक्सेस कार्ड. सैनिक, खात्याचे नागरी कर्मचारी आणि पात्र कंत्राटी लोक, सगळ्यांना हेच. ओळखपत्राचं कार्ड दिसत असलं तरी आपल्या कामाची त्यातली चिप. तिच्यात खासगी किल्ल्या असतात, त्या बाहेर काढता येत नाहीत. सही करायचं काम चिप स्वतः आत करते आणि फक्त उत्तर बाहेर देते. २७ ऑगस्ट २००४ रोजी बुश सरकारने एचएसपीडी-१२ हा आदेश काढला, त्यातून २००५ साली फिप्स २०१ हे मानक आलं, आणि कॅकवर पीआयव्ही नावाची, किल्ल्या आणि प्रमाणपत्रं कुठल्या कप्प्यात ठेवायची ते ठरवणारी मांडणी आली. या मानकामुळेच आज कुठलं खास विकतचं सॉफ्टवेअर न घेता लिनक्सवर कार्ड वाचता येतं.

काम खालून वर करायचं असं ठरवलंय. आधी रीडर, मग कार्ड, मग मॉड्यूल (ब्राउझरला कार्डाशी बोलू देणारी फाइल), मग मूळ प्रमाणपत्रं (ज्यांच्यावरून साइटची ओळख तपासतात ती), आणि ब्राउझर सर्वांत शेवटी. नेटवर मिळणाऱ्या बहुतेक कृती ब्राउझरपासून सुरू होतात. त्यामुळे रीडरचा ड्रायव्हर बसलेला नसतानाही माणूस तासभर फायरफॉक्सच्या सेटिंगमध्ये खुडबुडत बसतो. आज्ञा जशाच्या तशा टीमच्या रनबुकमध्ये, म्हणजे कामाच्या पायऱ्यांच्या वहीत, टाकतोय. इथे फक्त काय केलं आणि का.

४ मार्च, मंगळवार

रीडर. यूएसबी स्मार्टकार्ड रीडरसाठी सीसीआयडी नावाचं सामायिक मानक आहे. ते पाळणारा कुठलाही रीडर चालतो, निर्मात्याची सीडी किंवा डाउनलोड लागत नाही. लिनक्सवर दोन गोष्टी बसवायच्या: पीसीएससीडी ही सेवा आणि सीसीआयडीचा ड्रायव्हर. सोबत पीसीएससी-टूल्स घेतलं, त्यातल्या स्कॅनच्या आज्ञेने रीडर दिसतो का, कार्ड आत गेल्यावर एटीआर येतो का, हे लगेच कळतं. एटीआर म्हणजे वीज मिळाल्यावर चिप जी पहिली ओळख सांगते ती बाइट्सची ओळ. एटीआर आला की तारा, संपर्क आणि ड्रायव्हर यांचा संशय संपला. आला नाही तर कार्ड उलटं घातलंय का ते आधी बघा. हसू नका, चिप कुठल्या बाजूला करायची ते प्रत्येक रीडरचं वेगळं असतं.

दोन गोष्टी लिहून ठेवण्यासारख्या.

एक: मी सुरुवातीला एका लॅपटॉपवर एसएसएचने लांबून शिरून स्कॅन चालवला, तर सेवेने दारच उघडलं नाही. ही चूक नाही, रचना आहे. डेबियन-उबुंटूच्या पीसीएससीडीला पोलकिट या परवानग्या ठरवणाऱ्या सेवेची जोड असते, आणि यंत्रासमोर प्रत्यक्ष बसलेल्या सत्रालाच कार्डापर्यंत जाऊ द्यायचं असा तिचा नियम आहे. हा नियम सैल करायच्या युक्त्या नेटवर भरपूर आहेत. आपण करणार नाही. लांबून शिरलेल्या माणसाला कार्डाला हात लावता येऊ नये, हे मला बरोबरच वाटतं. तपासणी समोर बसूनच होईल.

दुसरी: ज्यांच्या लॅपटॉपवर जीपीजी (डिजिटल सह्या करायचं साधन) वापरात आहे तिथे एससीडेमन हा कार्यक्रम रीडरवर स्वतःच ताबा मिळवून बसतो, कारण त्याच्या पोटात वेगळा सीसीआयडी ड्रायव्हर आहे. मग पीसीएससीडीला रीडर मिळत नाही, आणि लक्षण असं दिसतं की काल चालणारं कार्ड आज चालत नाही. त्याच्या कॉन्फिग फाइलमध्ये आतला ड्रायव्हर बंद करायची एक ओळ टाकली की तोही पीसीएससीडीमार्फत येतो. टीममध्ये कोडच्या बदलांवर (कमिटवर) जीपीजीने सह्या करणारे बरेच आहेत, त्यामुळे ही ओळ सगळ्यांनाच लावली.

६ मार्च, गुरुवार

ओपनएससी बसवलं. कार्ड वाचणारं सॉफ्टवेअर, ब्राउझरला लागणारं मॉड्यूल यातूनच येतं. जुन्या लेखांत याच कामाच्या जुन्या सॉफ्टवेअरची, कूलकी आणि कॅककी, ही नावं येतात. त्यांच्या मागे लागू नये. रेड हॅटनेही कूलकी सोडून ओपनएससी घेतलंय.

कार्डावर चार प्रमाणपत्रं दिसली: पीआयव्ही ओळख, डिजिटल सही, किल्ली-व्यवस्थापन म्हणजे मेल उलगडायचं, आणि कार्ड-ओळख. पीआयव्हीच्या भाषेत यांचे कप्पे ९ए, ९सी, ९डी आणि ९ई. ९ई ला पिन लागत नाही, ते दारावरच्या यंत्रांसाठी आहे. ९सी दर सहीला पिन मागतं. वेबसाइटवर शिरायला ९ए. हे लक्षात ठेवलं की पुढचा निम्मा गोंधळ कमी.

पिनबद्दल. कॅकचा पिन सहा ते आठ अंकी. तीनदा चुकला की कार्ड कुलूपबंद, आणि ते उघडायला रॅपिड्सच्या, म्हणजे कार्डं देणाऱ्या, केंद्रात स्वतः जावं लागतं. फोनवरून, मेलवरून काही होत नाही. म्हणून आजपासून नियम: आज्ञेच्या ओळीवर तपासताना पिन लागणारी चाचणी सर्वांत शेवटी, आणि आधी किती प्रयत्न शिल्लक आहेत ते कार्डाला विचारून घ्यायचं. स्क्रिप्टमध्ये पिन लिहायचा नाही, हे सांगायची गरज नसावी, पण रनबुकमध्ये ठळक टाकलंय. आणि कुणाच्या अडचणीसाठी कार्डाचा फोटो मागायचा नाही, पाठवायचा नाही. लागतं ते प्रमाणपत्र जारी करणाऱ्याचं नाव, ते मजकुरात पाठवता येतं.

१० मार्च, सोमवार

आजचा दिवस मूळ प्रमाणपत्रांचा. माझ्या मते सगळ्या कामाचा गाभा हाच, आणि लोक सर्वांत जास्त घाई करतात तीही इथेच.

डॉट-मिल साइट्सपैकी बऱ्याच जणींची प्रमाणपत्रं संरक्षण खात्याच्या स्वतःच्या पीकेआयने, म्हणजे प्रमाणपत्रं देणाऱ्या यंत्रणेने, दिलेली असतात. त्यांची मुळं, डीओडी रूट सीए ३, डीओडी रूट सीए ६ वगैरे (सीए म्हणजे प्रमाणपत्र जारी करणारा), फायरफॉक्सच्या यादीत नाहीत. म्हणून नव्या ब्राउझरमध्ये अशी साइट उघडली की धोक्याची सूचना येते: जारी करणारा अनोळखी. ‘धोका पत्करून पुढे जा’ हे बटण तिथेच असतं आणि ते दाबलं की पान उघडतंही. ते दाबायचं नाही. त्या बटणाने आपण समोरच्याची ओळख न तपासता त्याच्यापुढे कॅक काढतो. खासगी किल्ली काही चोरीला जात नाही, पण पिन टाकून कुणा भलत्याच सर्व्हरला आपलं नाव आणि दहा अंकी डीओडी क्रमांक दिल्यासारखं होतं. शिवाय तिथून पुढे त्या पानावर जे टाइप करू ते सगळं त्याच्या हाती.

योग्य वाट अशी: डिसा ही संरक्षण खात्याची माहिती-यंत्रणा संस्था सायबर एक्सचेंजवर प्रमाणपत्रांचा गठ्ठा ठेवते. विंडोजसाठी इन्स्टॉलरूट नावाचं साधन, बाकीच्यांसाठी पीकेसीएस-७ या फाइल-प्रकारातल्या प्रमाणपत्रांची झिप. झिपमध्ये हॅशची, म्हणजे फाइलींच्या ठशांची, यादी असते आणि तिच्यावर सही असते, ती ओपनएसएसएलने तपासता येते. तपासली, जुळली.

पण थोडं थांबून विचार करावा. सही ज्या मुळावरून तपासली ते मूळ त्याच झिपमधून आलं. कुणी अख्खी झिपच बदलून दिली असती तर खोटी सही खोट्या मुळाशी अगदी सुरेख जुळली असती. मुळाची खात्री दुसऱ्या वाटेने व्हायला हवी. खात्याने दिलेला एक सरकारी लॅपटॉप प्रकल्पात आहे, त्याच्यावर ही मुळं कारखान्यातूनच, म्हणजे खात्याच्या इमेजमधूनच आलेली आहेत. त्याच्या पडद्यावरचे ठसे आणि झिपमधल्यांचे ठसे दोघांनी शेजारी बसून मोठ्याने वाचत जुळवले. कंटाळवाणं काम, पण एकदाच करायचं. जुळलेला गठ्ठा आता आमच्या अंतर्गत भांडारात आहे; टीमने तिथूनच घ्यायचा.

आता दुसरा मुद्दा, जो मला कुठल्याच कृतीत ठळक दिसला नाही. एखादं मूळ ब्राउझरमध्ये टाकणं म्हणजे केवळ डॉट-मिलवर विश्वास ठेवणं नव्हे. ते मूळ ज्या कुठल्या साइटसाठी प्रमाणपत्र देईल, बँक असो वा मेल, ते तो ब्राउझर खरं मानेल. संरक्षण खातं तसं करेल असं मी म्हणत नाही. पण मुळाखालच्या एखाद्या मधल्या जारीकर्त्याची किल्ली कुणाच्या हाती लागली तर फटका आपल्या घरच्या ब्राउझिंगलाही बसेल, आणि मोझिलाच्या यादीतल्या मुळांवर जी सार्वजनिक देखरेख असते ती या मुळांवर नसते. म्हणून ही मुळं रोजच्या प्रोफाइलमध्ये जाणार नाहीत. फायरफॉक्समध्ये ‘मिल’ नावाचं वेगळं प्रोफाइल, आणि सगळं त्याच्यातच.

११ मार्च, मंगळवार

काल ठरवलं ते आज करताना लगेच पेच. टीमभर एकसारखं सेटिंग पोचवायचं तर फायरफॉक्सची पॉलिसी फाइल सर्वांत सोपी: प्रमाणपत्रं कुठली घ्यायची, सुरक्षा-मॉड्यूल कुठलं लावायचं, दोन्ही तिच्यात लिहिता येतं. पण पॉलिसी यंत्रावरच्या सगळ्या प्रोफाइलना लागू होते. म्हणजे वेगळ्या प्रोफाइलचा हेतूच गेला. मॉड्यूलचंही तेच: रोजच्या प्रोफाइलमध्ये ते असेल तर क्लायंट-प्रमाणपत्र मागणारी कुठलीही साइट कार्डाची खिडकी उघडवू शकते.

तेव्हा पॉलिसी रद्द. एनएसएस या फायरफॉक्सच्या सुरक्षा-लायब्ररीची दोन साधनं वापरली, सर्टयुटिल आणि मॉडयुटिल. पहिलं प्रोफाइलच्या प्रमाणपत्र-कोठारात मुळं टाकतं, दुसरं ओपनएससीचं पीकेसीएस-११ मॉड्यूल जोडतं. दोन्ही चालवताना ते प्रोफाइल बंद असलं पाहिजे. विश्वासाचे झेंडे, म्हणजे कशासाठी विश्वास ठेवायचा त्या खुणा, फक्त वेबसाइटपुरते दिले, मेलचे नाहीत. ज्यांना हातानेच करायचंय त्यांच्यासाठी: सेटिंग्ज, गोपनीयता आणि सुरक्षा, खाली प्रमाणपत्रं, तिथे ‘सुरक्षा उपकरणं’, मग ‘लोड’, आणि मॉड्यूलच्या फाइलचा पत्ता. उबुंटूवर आणि फेडोरावर तो पत्ता वेगळा आहे. फेडोरावर पी११-किटमार्फत ओपनएससी आपोआपच आलेलं असतं. तिथे पुन्हा लोड केलं तर तेच कार्ड दोनदा दिसतं.

उबुंटूवरचा मोठा अडसर वेगळाच. २२.०४ पासून तिथला फायरफॉक्स स्नॅप या पॅकेज-प्रकारात येतो आणि स्नॅप बाकी यंत्रापासून तोडलेल्या कुंपणात चालतो. यंत्रावरची मॉड्यूलची फाइल त्याला आतून दिसतच नाही, आणि ‘लोड’ दाबल्यावर जी चूक येते तिच्यातून हे कळायला काही मार्ग नाही. कुंपणाला भोकं पाडण्यापेक्षा मोझिलाने जानेवारी २०२४ पासून स्वतः द्यायला घेतलेलं डेब पॅकेज घेतलं. जुनी प्रोफाइलं स्नॅपच्या फोल्डरमध्ये राहतात, ज्यांना बुकमार्क हवेत त्यांनी ते आधी काढून घ्यावेत.

क्रोम का नाही, असं दोघांनी विचारलं. लिनक्सवर क्रोम हे मॉड्यूल आणि ही मुळं होम फोल्डरमधल्या सामायिक एनएसएस कोठारातून घेतं, आणि क्रोममध्ये कितीही प्रोफाइलं केली तरी ते कोठार एकच. मला हवा तो आडपडदा तिथे मिळत नाही. बाकी क्रोमशी भांडण नाही.

१३ मार्च, गुरुवार

प्रत्यक्ष शिरून बघितलं. माझ्या कार्डावर पीआयईई उघडलं, खिडकी आली, ९ए निवडलं, पिन, आत. दुसऱ्या सहकाऱ्याच्या लॅपटॉपवर तेच सेटिंग, तीच साइट, पण प्रमाणपत्र निवडायची खिडकीच नाही. पिनही मागितला नाही. थेट हँडशेक (जोडणीच्या सुरुवातीची बोलणी) फसल्याचं पान.

कारण शिकण्यासारखं. सर्व्हर जेव्हा क्लायंटचं प्रमाणपत्र मागतो तेव्हा सोबत एक यादी पाठवू शकतो: मला या-या जारीकर्त्यांचं चालेल. फायरफॉक्स कार्डावरच्या प्रत्येक प्रमाणपत्रापासून वर चढत जातो आणि यादीतल्या कुणापर्यंत पोचतो का ते बघतो. पोचला नाही तर ते प्रमाणपत्र दाखवतच नाही. सगळीच गळली तर खिडकी तरी कशाला उघडेल? माझं प्रमाणपत्र ज्या मधल्या सीएने दिलंय तो माझ्या कोठारात आधीपासून होता. त्या सहकाऱ्याचं कार्ड अलीकडचं, मधला सीए वेगळ्या क्रमांकाचा, आणि स्क्रिप्टने तोपर्यंत नुसती मुळं टाकलेली. शिडीची मधली पायरीच नव्हती.

म्हणजे ‘डीओडी आयडी सीए’ आणि पुढे आकडा असलेली ती सगळी मधली प्रमाणपत्रंही टाकायची. त्यांना विश्वासाचा झेंडा द्यायचा नाही, नुसती कोठारात असली की पुरे. विश्वास मुळावरून खाली येतो. स्क्रिप्ट तशी बदलली. त्याच्या यंत्रावर लगेच खिडकी आली.

खिडकी आली की पुढचा प्रश्न: कुठलं निवडू? दोन नोंदींवर नाव तेच दिसतं, आडनाव, नाव आणि दहा अंक, ठिपक्यांनी जोडलेले. ‘पीआयव्ही ऑथेंटिकेशन’ असं ज्याच्यावर आहे ते. सहीचं निवडलं तर काही जुन्या साइट्स घेतात, बाकीच्या नाकारतात, आणि खाली ‘हा निर्णय लक्षात ठेवा’ ही खूण राहिली असेल तर पुढच्या वेळी न विचारताच तेच चुकीचं जातं. प्रमाणपत्रांच्या खिडकीत ओळखीच्या निर्णयांचा एक टॅब आहे, तिथून ती नोंद काढून टाकायची.

१४ मार्च, शुक्रवार

एका साइटने दिवस घेतला. नाव लिहीत नाही. मुखपृष्ठ उघडतं, सूचनेच्या फलकावर ‘मान्य’ दाबता येतं, आणि कॅक लॉगिनच्या दुव्यावर गेलं की चूक. बाकी साइट्स व्यवस्थित, म्हणजे खालचे सगळे थर ठीक.

काही सर्व्हर पहिल्या हँडशेकमध्ये कार्ड मागत नाहीत, कारण मुखपृष्ठ सगळ्यांसाठी खुलं असतं. संरक्षित भागाकडे गेलं की जोडणी चालू असतानाच ‘आता ओळख दाखवा’ म्हणतात. टीएलएस (वेब जोडणी झाकणारा प्रोटोकॉल) १.२ मध्ये यासाठी फेरवाटाघाट, म्हणजे पुन्हा हँडशेक, होती. ऑगस्ट २०१८ च्या टीएलएस १.३ ने ती काढून टाकली आणि जागी हँडशेकनंतरची ओळख हा वेगळा प्रकार आणला. फायरफॉक्समध्ये तो मुळातच बंद असतो, आणि एचटीटीपी/२ वर तर त्याला मनाईच आहे. सर्व्हर १.३ बोलतो, मध्येच कार्ड मागतो, ब्राउझर म्हणतो मला हे येत नाही. दोघेही आपापल्या जागी बरोबर.

‘मिल’ प्रोफाइलमध्ये टीएलएसची कमाल आवृत्ती १.२ वर आणली, साइट उघडली. निदान पक्कं. पण हे सेटिंग टीमला द्यायचं का? १.२ मध्ये पहिल्याच हँडशेकला कार्ड मागणाऱ्या साइटकडे जाणारं क्लायंट-प्रमाणपत्र वाटेत उघडं जातं, म्हणजे कॉफीच्या दुकानातल्या वायफायवर शेजारच्याला नाव आणि डीओडी क्रमांक वाचता येतो. १.३ मध्ये ते झाकलेलं असतं. एका साइटसाठी सगळ्या साइट्सवरचं झाकण काढायला मी तयार नाही. ज्यांना ती साइट खरोखर लागते त्यांच्यासाठी आणखी एक प्रोफाइल, फक्त तिच्यापुरतं. साइटच्या मदतकक्षाला निदानासकट लिहिलंय. दुरुस्ती सर्व्हरच्या बाजूलाच आहे.

१८ मार्च, मंगळवार

विंडोज आणि मॅक लवकर आटोपले. विंडोजमध्ये पीआयव्ही कार्डाचा ड्रायव्हर मुळातच असतो, इन्स्टॉलरूट चालवलं की एज आणि क्रोम चालतात. फायरफॉक्सही आवृत्ती ९० पासून विंडोज आणि मॅकवर कार्डावरची प्रमाणपत्रं थेट प्रणालीकडून घेतो, मॉड्यूल लोड करायची गरज नाही. मॅकवर सिएरापासून कार्डाचा आधार प्रणालीतच आहे. मुळं कीचेनमध्ये (मॅकच्या प्रमाणपत्र-कोठारात) टाकून त्यांच्यावरचा विश्वास हाताने द्यावा लागतो. वेगळ्या प्रोफाइलचा फायदा या दोन्हींवर मिळत नाही, कारण विश्वास प्रणालीच्या पातळीवर जातो. तिथे मी वेगळं वापरकर्ता-खातं सुचवलंय. लोक कुरकुरले.

एका विंडोज यंत्रावर साखळी भलत्याच मुळाशी जाऊन संपत होती. संरक्षण खात्याच्या मुळांची फेडरल ब्रिजशी, म्हणजे वेगवेगळ्या पीकेआय जोडणाऱ्या सरकारी दुव्याशी, परस्पर-प्रमाणपत्रं आहेत, आणि विंडोज साखळी बांधताना कधी कधी त्या आडवाटेने जातं. ती काढायला डिसाचंच साधन मिळतं. चालवलं, सरळ झालं.

२० मार्च, गुरुवार

टीमला दाखवलं. प्रश्न बहुतेक पिनच्या खिडकीवरून. फायरफॉक्स तिथे पिन असा शब्द वापरत नाही, टोकनचा पासवर्ड मागतो. नवखा माणूस तिथे लॅपटॉपचा किंवा मेलचा पासवर्ड टाकतो आणि तीनपैकी एक प्रयत्न गेला. रनबुकच्या पहिल्याच पानावर त्या खिडकीचं चित्र टाकलंय: इथे कॅकचा पिन, दुसरं काही नाही, आणि दोनदा चुकला तर थांबा, मला हाक मारा.

काम संपल्यावर कार्ड काढलं म्हणजे बाहेर पडलो असं समजू नये. बऱ्याच साइट्स त्यानंतर कुकीवर चालू राहतात. प्रोफाइलच्या सगळ्या खिडक्या बंद करायच्या, बाहेर पडताना कुकी पुसायचं सेटिंग त्या प्रोफाइलला लावलंय.

काही साइट्स खात्याच्या जाळ्यातून आल्याशिवाय उघडतच नाहीत. तिथे प्रमाणपत्र बरोबर जातं, पिन घेतला जातो, आणि मग नकाराचं पान येतं. ते आलं तर ब्राउझरला हात लावायचा नाही, सरकारी लॅपटॉप घ्यायचा.

बाकी राहिलेलं: डिसाचा गठ्ठा नवा आला की ठसे पुन्हा जुळवून भांडारात बदलणे, त्यासाठी कॅलेंडरवर आठवण लावली. डीओडी रूट सीए ३ ची मुदत डिसेंबर २०२९ ला संपते, तोवर त्याखालची कार्डं बदलत जातील, मधली प्रमाणपत्रं वाढत जातील. १४ तारखेच्या साइटकडून उत्तर नाही; आलं की ते जादा प्रोफाइल काढून टाकायचं. फेडोरावाल्यांची स्क्रिप्ट सोमवारी.